एपिस्कोपल मंडळीत शनिवारची फूड पँट्री: सुरुवात कुठून करायची?

जर्सीकर_नगरी (प्रश्न)

जय ख्रिस्त.

आमची मंडळी मध्य न्यू जर्सीतली, एपिस्कोपल (इथली अँग्लिकन परंपरेतली). रविवारच्या दोन्ही उपासना धरून साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. मराठी घरं चार, सगळी मूळची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). रेक्टरनी (आमच्या पाळकांनी) आउटरीचचं, म्हणजे बाहेरच्या लोकांसाठीच्या सेवेचं काम माझ्याकडे द्यायचं ठरवलंय. महिन्यातून दोन शनिवारी पॅरिश हॉलमध्ये फूड पँट्री (गरजूंना फुकट किराणा), अंदाजे ४० कुटुंबांसाठी. हॉल तळघरात आहे, १४ पायऱ्या, लिफ्ट नाही. दोन घरगुती फ्रीज आहेत. वर्षाला ३,००० डॉलर देऊ असं वेस्ट्री (मंडळीचं कारभारी मंडळ) म्हणते, पण ठराव अजून झालेला नाही.

परवानग्या कोणाच्या लागतात, माल कुठून आणि किती आणायचा, माणसं किती लागतील? इथली वेस्ट्री म्हणजे आपली पास्टरेट कमिटीच समजायची का? आणि आमच्यातल्या दोन ताई एच-४ वर (नोकरीवाल्या जोडीदाराबरोबर येणाऱ्यांचा व्हिसा) आहेत, त्यांना हे काम करता येतं का?

ज्युनियर_वॉर्डन

वेस्ट्री आणि पास्टरेट कमिटी बऱ्याच अंशी सारख्या. दोन्ही मंडळीने निवडलेल्या आणि पैसा-इमारत दोन्ही सांभाळणाऱ्या. फरक वॉर्डनचा. इथे दोन असतात. सीनियर वॉर्डन रेक्टरच्या बरोबरीने कारभार बघतो, ज्युनियरकडे सहसा इमारत असते. तुमचं निम्मं काम या ज्युनियर वॉर्डनशी आहे: किल्ली, अलार्मचा कोड, बर्फ कोण काढणार, कचरा कोणत्या दिवशी उचलतात. रेक्टरनी होकार दिला म्हणून कामाला लागू नका, ठराव इतिवृत्तात येऊ द्या. ठरावात चार गोष्टी हव्यात. ३,००० डॉलर पँट्रीच्या वेगळ्या राखीव खात्यात राहतील, खर्चावर सही कोणाची, हॉल कोणत्या वेळी तुमचा, आणि पँट्री बंद करायची वेळ आली तर उरलेल्या पैशाचं काय. शेवटचा मुद्दा कोणीच लिहीत नाही आणि मग रेक्टर बदलला की त्यावरूनच वाद होतो.

हॉलचं वेळापत्रक आधी बघा. शनिवारी सकाळी बऱ्याच एपिस्कोपल हॉलमध्ये एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) बैठक असते. ती हलवायला सांगू नका, आपली वेळ पुढे घ्या. आणि त्या वेळात हॉलमध्ये कोणी फोटो काढायचे नाहीत. निनावी राहणं हा त्यांचा पायाच आहे. पँट्रीला येणाऱ्यांचे फोटोही नकोत, पॅरिशच्या बातमीपत्रासाठीसुद्धा.

विमा कंपनीला लेखी कळवा. फूड बँक (पँट्रींना माल पुरवणारी मोठी संस्था) बहुधा विम्याचं प्रमाणपत्र मागते. स्वतःच्या गाडीतून माल आणणाऱ्याचा अपघात झाला तर आधी त्याचाच गाडीचा विमा लागू होतो, हे स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत सांगा.

सेफ चर्च प्रशिक्षण (मुलांच्या आणि दुर्बलांच्या सुरक्षिततेचं) आणि पार्श्वभूमी तपासणी कोणाला बंधनकारक हे डायसिस (बिशपचा प्रांत) ठरवतं. न्यू जर्सीत डायसिस दोन आहेत, न्यूअर्क आणि न्यू जर्सी. मध्य भाग बहुतेक दुसऱ्यात येतो, तरी खात्री करून घ्या आणि त्यांचंच धोरण वाचा. कन्फर्मेशन वर्गातली मुलं मदतीला येणार असतील तर एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोन प्रौढ कायम हजर हवेत. नवरा-बायको मिळून एकच धरतात.

राज्याच्या विक्रीकरातून मंडळीला सूट असते. फ्रीज किंवा मांडण्या घेताना मंडळीचं एसटी-५ प्रमाणपत्र दाखवा, ६.६२५ टक्के वाचतात. पण पैसे मंडळीच्या खात्यातून गेले तरच. स्वतःच्या कार्डाने भरून नंतर परत मागितले तर सूट मिळत नाही.

पोतं_आणि_पॅलेट

आधी वजनाचा हिशेब करा, बाकीचं त्यावरून ठरतं. इथल्या फूड बँका एक जेवण म्हणजे १.२ पौंड धरतात. चौघांचं कुटुंब, तीन दिवस, रोज तीन वेळा म्हणजे ३६ जेवणं, साधारण ४३ पौंड. ४० कुटुंबांचे १,७२० पौंड, पाऊण टनाच्या वर. मिनीव्हॅन माणसांसकट १,२०० ते १,५०० पौंड पेलते, म्हणजे दोन खेपा किंवा भाड्याची कार्गो व्हॅन. १५ औंसाच्या २४ डब्यांचा खोका २५ पौंडांच्या वर जातो. असे साठ खोके १४ पायऱ्या खाली न्यायचे आणि पिशव्या करून परत वर आणायचे. साठीच्या पुढच्या माणसांकडून हे दुसऱ्या शनिवारी होणार नाही.

म्हणून साठा खाली, वाटप वर. नार्थेक्स (देवळाच्या दाराशी असलेली ओसरी) किंवा पार्किंग वापरा. काठी घेऊन येणारे आजोबा आणि बाबागाडीवाल्या आया १४ पायऱ्या उतरणार नाहीतच. शिवाय सरकारी धान्य घेतलंत की अपंगांना सोयीची व्यवस्था करणं कायद्यानेही येतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंट ग्रेगरी ऑफ निसा या एपिस्कोपल मंडळीने २००० सालापासून थेट वेदीभोवतीच भाजी-धान्य मांडून वाटप केलंय. त्यामुळे ‘देवळात कांदे-बटाटे कसे?’ असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

आता पैसे. ३,००० भागिले २४ शनिवार म्हणजे एका वेळी १२५ डॉलर, कुटुंबामागे जेमतेम तीन. दुकानातून विकत घेऊन हे चालणार नाही, माल फूड बँकेतूनच यायला हवा. तुमच्या भागासाठी हिलसाइडची कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी किंवा तिची स्थानिक जोडीदार संस्था. सदस्यत्वासाठी जागेची पाहणी, अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण, ठरलेल्या वेळा आणि नोंदी लागतात. काही ठिकाणी आधी काही महिने स्वतःच्या बळावर चालवून दाखवावं लागतं. ३,००० त्या महिन्यांसाठी राखून ठेवा.

तळघरात माल जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून थोडा सुटा. लाकडी पॅलेट ओल धरतात, प्लॅस्टिकचे घ्या. ओलसर हवा काढायचं यंत्र नसेल तर ऑगस्टपर्यंत डब्यांना गंज आणि मैद्यात पोरकिडे. जुनं पुढे, नवं मागे. खोक्यावर जाड मार्करने महिना-साल लिहा, कारण छापील तारीख बारीक असते आणि चष्मा घरी राहिलेला असतो.

आधी_चौकशी

मी वेगळं सांगेन. नवी पँट्री उघडूच नका, निदान चार महिने तरी. पाच मैलांच्या आतल्या पँट्रींची यादी करा. मेथडिस्ट, कॅथलिक, गुरुद्वारा, टाउनशिपचं कार्यालय. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: कोणत्या दिवशी बंद असता, काय कायम संपतं, कोण येऊ शकत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘अन्न कमी’ असं येत नाही. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड हे येतं. कारण सरळ आहे: स्नॅपच्या (सरकारी अन्नमदतीच्या) कार्डावर अन्न मिळतं, साबण, टॉयलेट पेपर आणि डायपर मिळत नाहीत. ज्या ३,००० डॉलरांतून कुटुंबाला तीन डॉलरचं धान्य मिळेल, तेवढ्यातच शेजारच्या पँट्रीला वर्षभर डायपर पुरवता येतील. मोठे आकार घ्या, चार ते सहा. नवजात बाळाचे सगळे भेट देतात आणि ते तसेच पडून राहतात. फोडलेल्या पाकिटातले डायपर २५-२५ मोजून झिपच्या पिशवीत, वर आकार लिहून.

दुसरा पर्याय लाँड्री लव्ह. कॅलिफोर्नियातल्या व्हेंच्युरा इथे सुरू झालेला हा उपक्रम अनेक एपिस्कोपल मंडळ्या चालवतात. महिन्यातून एका संध्याकाळी लाँड्रोमॅटमध्ये क्वार्टरची नाणी, साबण आणि ड्रायर शीट घेऊन बसायचं आणि आलेल्यांचे कपडे धुण्याचे पैसे भरायचे. साठा नाही, फ्रीज नाही, पायऱ्या नाहीत. पाच माणसांत होतं. मालकाशी आधी बोला आणि त्याच्या मंद धंद्याचा वार निवडा, बहुधा मंगळवार-बुधवार. कुटुंबामागे किती मशीनभर कपडे ते फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर पहिली दोन घरं आठ मशीन अडवून बसतात.

गरम जेवणाचा विषय कमिटीत निघणारच. न्यू यॉर्कमध्ये चेल्सीच्या होली अपॉसल्स मंडळीत १९८२ पासून सूप किचन आहे, १९९० मध्ये इमारतीला आग लागली तरी दुसऱ्या दिवशीचं जेवण चुकलं नाही. ते मोठंच काम आहे, पण त्यामागे व्यावसायिक स्वयंपाकघर आणि पगारी माणसं आहेत. तुमची सुरुवात ती नव्हे.

चार_अंश

‘आधी_चौकशी’ यांच्याशी निम्मा सहमत. चौकशी जरूर करा, पण एडिसनच्या आसपास डाळ-तांदूळ खाणारी म्हातारी माणसं पुष्कळ आहेत आणि नेहमीच्या पँट्रीत त्यांच्या वाट्याला टिनमधलं गोमांस येतं. कोरड्या मसुरा, छोले, तांदूळ, शेंगदाण्याचं बटर हे फूड बँकेच्या यादीत बहुधा असतं, मागावं मात्र लागतं. तूरडाळ आणि बेसन ३,००० मधून घ्या. हे शेजारची पँट्री करत नसेल तर तुमच्या पँट्रीला जागा आहे.

फ्रीज ४० अंश फॅरनहाइट किंवा खाली, म्हणजे ४ सेल्सिअस. फ्रीझर ० फॅरनहाइट, उणे १८. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत सुटा थर्मामीटर ठेवा. वाटपाच्या दिवशी दर तासाला नोंद, बाकी दिवशी एकदा. घरगुती फ्रीजचं दार दोन तास उघड-मीट होत राहिलं की तापमान सहज पन्नासला पोचतं. दूध-अंडी वर नेताना बर्फाच्या कूलरमध्ये न्या आणि फ्रीज बंदच ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं नाशवंत टाकून द्यायचं, हवा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एका तासातच. फेकताना जीव तुटतो, पण परत आत ठेवायचं नाही.

शिवणीवर चेपलेला किंवा फुगलेला डबा बाद. ‘बेस्ट बाय’ उलटलेले डबे बहुधा चालतात, ती तारीख दर्जाची असते. बाळाच्या दुधाची पावडर मात्र तारीख उलटली की बादच. पोत्यातले तांदूळ सुटे करायचे (५० पौंडांच्या २ पौंडी २५ पिशव्या) तर आधी आरोग्य विभागाला आणि फूड बँकेला विचारा. चिठ्ठीवर नाव, तारीख आणि ॲलर्जीचे घटक हवेत. अमेरिकेत आता असे नऊ आहेत, २०२३ पासून तीळ त्यात आले. घरी केलेलं काही वाटायचं नाही. पुरणपोळ्या उपासनेनंतरच्या कॉफीला आणा, तिथे उडतील.

नोव्हेंबरात कोणीतरी ४० टर्की देऊ करेल. १२ पौंडांचा एक पक्षी फ्रीजमध्ये वितळायला जवळजवळ तीन दिवस लागतात आणि तुमच्या दोन फ्रीझरमध्ये दहा-बारासुद्धा कष्टाने बसतील. त्याऐवजी दुकानाचं गिफ्ट कार्ड मागा.

सरकारी टेफॅप धान्य घेणार असाल तर: ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हे पोस्टर दिसेल असं लावायचं, नागरी हक्कांचं प्रशिक्षण दरवर्षी घ्यायचं, आणि धान्याला प्रार्थनेची अट चालत नाही. रांगेत पत्रकं वाटणंही नको. प्रार्थना-विनंतीची पेटी बाजूला ठेवा, ज्याला हवं तो चिठ्ठी टाकेल. नोंदणीसाठी फूड बँकेचा छापील फॉर्म असतो, त्यात स्वतःचा एकही रकाना वाढवू नका. ‘आडनाव काय, गाव कुठलं’ ही आपली सवय तिथे नडते.

जर्सीकर_नगरी

मनापासून आभार. साठा खाली आणि वाटप नार्थेक्समध्ये, हे पटलं. शेजारच्या पँट्रींना या आठवड्यात फोन करतो. एच-४ आणि माणसांची संख्या राहिली.

ज्युनियर_वॉर्डन

एच-४ चं सर्वसाधारण सूत्र असं: धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेत, एरवीही बिनपगारीच होणारं काम, मोबदला शून्य. गिफ्ट कार्ड, मानधन, खोलीभाड्यात सवलत यातलं काहीही घ्यायचं नाही. पूर्वी त्याच कामासाठी मंडळीने पगारी माणूस ठेवला असेल तर ते काम त्या ताईंनी करू नये. मांडणी, नोंदणी, पिशव्या भरणं यात अडचण येऊ नये. हिशेब किंवा वेबसाइटचं काम त्यांच्याकडे जायला लागलं तर आधी वकिलाला विचारा. स्वतःच्या गाडीचा खर्च आयकरात मैलाला १४ सेंट दाखवता येतो, पण सगळ्यांनाच वजावट मिळते असं नाही.

डायसिसला तुमच्या भागात डीकन आहे का तेही विचारा. आपल्याकडे डीकन म्हणजे बहुधा प्रेस्बिटर होण्याआधीची पायरी. इथे आयुष्यभर डीकन राहणारे पुष्कळ आहेत, बहुतेक बिनपगारी, आणि जगाची गरज मंडळीपुढे मांडणं हेच त्यांच्या दीक्षाविधीत सांगितलेलं काम. फूड बँकेतल्या कोणाला फोन करायचा ते त्यांना माहीत असतं.

पोतं_आणि_पॅलेट

माणसं: दारात एक, नोंदणीला एक, टेबलांवर चार, कूलरवर एक, गाडीपर्यंत उचलायला दोन, बंद करायला एक. दहा. यादीत चोवीस-पंचवीस नावं हवीत, म्हणजे प्रत्येकाला महिन्यातून एकच शनिवार येतो आणि आजारपण निभावतं. साठ-सत्तर माणसांच्या मंडळीत पंचवीस निघणार नाहीत. शेजारची हायस्कूलं सेवेचे तास मोजतात, तिथून मागा (वर सांगितलेला दोन प्रौढांचा नियम लक्षात ठेवून). बंद करणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी भरा. मांडायला सगळे येतात, साडेबाराला खोके चपटे करायला कोणी नसतं.

रांगेचं एक. दहाला उघडणार म्हटलं की लोक सातला थंडीत उभे राहतात. साडेनऊपर्यंत आलेल्या सगळ्यांना टोपलीतून चिठ्ठीने क्रमांक द्या, आधी-नंतर न बघता. सातला आलेल्याला ३१ आणि नऊ पंचवीसला आलेल्याला २ येऊ शकतो. पहिल्या दोन वेळी कुरकुर होईल, तिसऱ्यांदा कोणी सातला येत नाही. साडेनऊनंतर येणाऱ्यांना शेवटचे क्रमांक ओळीने.

रविवारच्या दानासाठी महिन्याला एकच वस्तू जाहीर करा. ‘काहीही आणा’ म्हटलं की भोपळ्याचे जुने डबे येतात. जुलैत फक्त बेसन, ऑगस्टमध्ये फक्त साबण. दानार्पणाच्या वेळी ती टोपली भाकरी-द्राक्षारसाबरोबर वेदीकडे नेतात, ते ऑल्टर गिल्डला (वेदीची मांडणी बघणाऱ्या गटाला) आधी सांगून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी टोपलीला जागा नसते.