इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलींचं कोकणाशी नातं पुढच्या पिढीत टिकेल का?

समुद्रकाठ:
आमचं गाव अलिबागजवळ. पूर्वी गावात बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची बरीच घरं होती, तेलाच्या घाण्या होत्या, शनिवार त्यांचा धर्माने विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आता सगळे गेले, काही मुंबई-ठाण्याला आणि बरेचसे इस्राएलला. गेल्या महिन्यात अश्दोदहून एक कुटुंब जुनं घर बघायला आलं होतं. आजी अगदी आपल्यासारख्या बोलत होत्या, मुलाला समजतं पण बोलताना अडखळतो, नातवंडांना हिब्रू आणि इंग्लिशच येतं. तरी नातू दफनभूमीत गवत बाजूला करून एकेका दगडाचा फोटो काढत होता आणि त्यावरचं मराठी आजीकडून वाचून घेत होता. तेव्हापासून डोक्यात आहे की ही आजीची पिढी गेल्यावर कोण येणार इकडे? कोणी तिकडचे किंवा त्यांचे नातेवाईक इथे असतील तर सांगा प्लीज.

ठाण्याची_मावशी:
मी बेने इस्राएलच, आमचे निम्मे नातेवाईक तिकडे आहेत म्हणून जरा लांबण लावते. पहिली गोष्ट म्हणजे आमच्या लोकांना इथून कोणी हाकललं नाही, शेजाऱ्यांनी कधी परकं मानलं नाही. १९४८ ला इस्राएल झाल्यावर धर्माच्या ओढीने आणि चांगल्या दिवसांच्या आशेने लोक निघाले. १९५० च्या आसपास इथे वीसेक हजार बेने इस्राएल होते, आज भारतातले सगळे ज्यू धरूनसुद्धा पाच हजार भरणार नाहीत. तिकडे त्यांना बीरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा ठिकाणी वसवलं, काही गावं तर तेव्हा नुसतं वाळवंट. आणि ज्या धर्मासाठी गेले तिथल्याच रब्बीमंडळाने (ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाने) १९६० च्या सुमारास यांच्या लग्नांवर शंका काढली, तुमच्या पूर्वजांची चौकशी करू म्हणाले. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, देशभर चर्चा झाली, मग १९६४ ला पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. माझं मत असं की कोकण घट्ट धरून ठेवायला हेही एक कारण झालं, कारण तिकडे जेव्हा विचारलं की तुम्ही नक्की कोण, तेव्हा आडनावातच पेण, रोहा, चौल, दिवे या कोकणातल्या गावांचं उत्तर होतं.

भाषेचं म्हणाल तर जाईल, त्यात वाद नाही. पण मलिदा जाणार नाही. नवस फेडायचा असेल, लग्नाआधी, नवीन घर घेतलं की एलियाहू हन्नाबीच्या (आमच्या प्रेषिताच्या) नावाने मलिद्याचं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, सब्जाची पानं आणि गुलाब. माझी भाची तिकडेच जन्मली, मराठी शून्य, पण सैन्यात जायच्या आधी तिच्या आईने मलिदा केला आणि खोबरं तिनेच खवलं.

नीट_बघा:
मावशी, आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मलिदा टिकेल पण तो तिकडचा होऊन टिकेल. तिकडची तरुण पोरं सैन्य संपवून भारतात येतात ती हिमाचल-गोव्याला, त्यातले अलिबागला किती येत असतील? खोबरं खवणं आणि गावाशी नातं असणं यात फरक आहे. इथली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) सांभाळायला माणसं उरली नाहीत तर नातू येऊन बघणार काय?

लोदवासी:
मी लोदला राहतो, लहानपणी आईवडिलांबरोबर आलो, मराठी टाईप करायला वेळ लागतो तर चुका समजून घ्या. आमच्याकडे महाराष्ट्र दिन होतो, १९८५ पासून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघालं, माझे वडील ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. बायका अजून मराठी कीर्तनं म्हणतात, अब्राहम, योसेफ यांच्या गोष्टी पण चाल आपली. नीट_बघा भाऊ, तुमची शंका खरी आहे, माझी मुलं मराठी वाचत नाहीत. पण अलिबागला आलो की आमचे लोक खंडाळ्याला जातातच, म्हणजे घाटातलं नाही, अलिबागजवळचं, तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा मानतात. नवस तिथे बोलतात, फेडायलाही तिथेच येतात. माझ्या मुलीने स्वतः बोललाय, मी सांगितलं नव्हतं. मग तिला यावंच लागेल ना.

ठाण्याची_मावशी:
नीट_बघा, सिनेगॉगचं मात्र बरोबर बोललात. अलिबागच्या मागेन अबोथमध्ये सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना कधीकधी मारामार होते. २०१६ ला राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, कागदपत्रांना आणि शाळा-कॉलेजला उपयोग आहे, पण रोज दिवा लावायला माणूसच लागतो.

समुद्रकाठ:
लोदवासी दादा, मावशी, मनापासून आभार. एक करता येईल असं वाटतं, आमच्या गावातल्या दफनभूमीतले दगड पावसाने झिजत चाललेत, काहींवर मराठी आणि हिब्रू दोन्ही आहे. मी आणि दोघं मित्र मिळून पावसाळ्याआधी सगळ्यांचे फोटो काढून मराठी मजकूर टाईप करून ठेवतो. हिब्रू वाचून द्यायला तिकडचं कोणी तयार आहे का?

लोदवासी:
मी देतो वाचून. मेसेज करा. दगडाला पाणी मारून, तिरक्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.