चक्रासनात पाठ एकाच जागी मोडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चक्रासन, म्हणजे पाठीवर झोपून हातापायांवर अंग उचलून कमान करणं, जमवायचं खूळ डोक्यात शिरलंय. वय ३८, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात, पाठीचं जुनं दुखणं काही नाही. चार महिने आठवड्यातून पाच दिवस भुजंगासन, उष्ट्रासन आणि मग चक्रासनाची झटापट चालू आहे. उठता येतं, पण कमरेत, पट्टा बांधतो तिथून जरा खाली, चिमटा बसतो. ताण नव्हे, चिमटाच. खाली आल्यावर पाच-दहा मिनिटांत जातो. पायात कळ, मुंग्या वगैरे नाहीत.

परवा नवऱ्याला बाजूने व्हिडिओ काढायला लावला. मी आपली मनात सुरेख कमान धरून बसले होते! प्रत्यक्षात वरची पाठ फळीसारखी, कोपरं वाकलेली, गुडघे बाहेर पळालेले आणि सगळा वाक कमरेत बोटभर जागेत. टी-शर्टला तिथे एक खोल चुणी, बाकी कापड इस्त्री केल्यासारखं सपाट. वही एकाच पानावर पुन्हा पुन्हा उघडली की तिथेच उसवते ना, तसं काहीतरी चाललंय असं वाटून पोटात गोळा आला.

आधी जिथे शिकायला जात होते तिथे ‘थोडं दुखल्याशिवाय पाठ सुटत नाही’ असं ऐकवायचे. हे कितपत खरं? वाक वरच्या पाठीत न्यायचा कसा? आणि हा चिमटा दुर्लक्ष करण्यासारखा आहे का? जाणकारांनी कृपया सांगा.

– कमानवेडी

प्रतिसाद : उलटीकोलांटी

दुर्लक्ष अजिबात नको. शाळेत असताना जिम्नॅस्टिक्स करायचे. मागे वाकलं की कमरेच्या एकाच बाजूला दुखायचं, ‘होईल सवय’ म्हणून रेटत राहिले. शेवटी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा निघाला आणि कित्येक महिने घरी बसले. वाढत्या वयात हे जास्त होतं, तुमचं तसंच असेल असं मुळीच नाही. पण ‘दुखलं तरच सुटतं’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

प्रतिसाद : मणकेमोजणी

पेशाने फिजिओ आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

मानेखालच्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तो भाग मागे वाकायला मुळातच कुरकुरतो. त्याखालचे कमरेचे ५ मणके मात्र लगेच मागे जातात. चक्रासनात खांदे पुरते उघडले नाहीत आणि जांघेचा पुढचा भाग सुटला नाही, की दोन्हीकडची तूट या पाचांच्या माथी. तुमचा चिमटा म्हणजे बहुधा मणक्यांच्या मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातायत. ती जागा आधीच मोकळी आहे, तिला आणखी ताणून उपयोग नाही.

आज घरी दोन गोष्टी बघा. पलंगाच्या अगदी कडेला बसून मागे आडव्या व्हा, एक गुडघा हातांनी पोटाशी धरा, दुसरा पाय लोंबू द्या. त्याची मांडी पलंगाला टेकते की अधांतरी राहते? अधांतरी राहिली तर जांघ आखडलीय. मग जमिनीवर पाठीवर झोपा, गुडघे उभे, आणि हात कानांशेजारून डोक्यामागे न्या. बरगड्या वर न येता मनगटं टेकतात का?

चक्रासन तूर्त बंद. आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करून घ्या. मग एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे. मागच्या पायाचा नितंब आवळायचा आणि ओटीपोट किंचित वर खेचून धरायचं. हे केलं नाहीत तर तिथेही कंबरच वाकेल, जांघेला काही लागणार नाही. ३० सेकंद, दोन-तीन वेळा, दोन्ही बाजूंनी. वरच्या पाठीसाठी जाडसर टॉवेलची गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी घालून पडा, डोक्याला उशी द्या, श्वास चालू ठेवा. दिसायला आळशीपणा वाटतो, पण चुकवू नका. सोबत सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) आणि शलभासन (पालथं झोपून पाय उचलणं) हवंच, कारण वाकता येणं आणि त्या वाकात स्वतःला पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी. दिवसाआड पुरे.

उठल्या उठल्या जोर लावू नका. रात्री मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, पहिला तासभर विशेषतः पुढे खोल वाकणं टाळा.

पंधरा दिवस थांबूनही चिमटा राहिला किंवा कळ गुडघ्याखाली उतरली तर दाखवून घ्या. पायाचा पंजा उचलता येईना, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवीवर ताबा नाही, यातलं काहीही झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

प्रतिसाद : कमानवेडी

दोघांचे आभार. तपासण्या केल्या. उजवी मांडी टेकली, डावी चांगली चार बोटं वर! मनगटं टेकतात, पण बरगड्या कोंबडीसारख्या वर येतात. बरगड्या खाली धरल्या तर हात जमिनीपासून वीतभर लांबच राहतात. म्हणजे चार महिने मी चुकीच्या जागेशी भांडत होते.

एक शंका. पाय उंच स्टुलावर ठेवून चक्रासन केलं तर कंबर वाचते असं वाचलं. ते चालेल का?

प्रतिसाद : मणकेमोजणी

कंबर सुटते हे खरं, पण तो भार जाणार खांद्यांवर, आणि तुमचे तर वीतभर कमी पडतायत. आधी ती वीत चार बोटांवर आणा, मग स्टूल. डाव्या जांघेला एक फेरी जास्त द्या.