मदत हवी आहे: पश्चिमेच्या तापत्या भिंतीसाठी दणकट वेल कोणती?

मंडळी, नागपूरला आमच्या घरामागे फरशी घातलेलं छोटं अंगण आहे आणि घराची ती भिंत थेट पश्चिमेला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी तीननंतर भिंतीला हात लावता येत नाही, आतली खोली मध्यरात्रीपर्यंत धगधगत राहते. तिथेच आईची खाट आहे, म्हणून फुलांपेक्षा दाट सावलीची गरज जास्त.

भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लोखंडी जाळी उभी करणार आहे. मुळं रोवून भिंतीलाच चिकटणारी वेल नको, प्लास्टर उखडतं.

मनापासून आवडते ती मधुमालती. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होत जातात, एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पण तिचा पसारा मोठा आणि मुळाशी फुटवेही खूप येतात. फरशीला धोका आहे का? बोगनवेल ऊन आणि पाण्याची ओढ दोन्ही सोसते, पण काटे आहेत आणि नातवंडं तिथेच खेळतात. संक्रांतवेल जानेवारीत केशरी फुलांनी लगडते, भर उन्हाळ्यात तिची पानं टिकतात का?

मातीची पट्टी जेमतेम दोन फूट रुंद आहे. तेवढ्यात भागेल, की मोठ्या ड्रममध्ये लावू? लागवड पहिल्या पावसानंतरच करावी ना? विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात ज्यांनी वेल जगवली आहे, त्यांनी आवर्जून सांगा. जमल्यास मे महिन्यातला फोटोही टाका.