एनक्लेक्स दिलीत? तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास होणं भाग आहे. कॅनडात, आणि बाहेरून येणाऱ्या नर्सना ऑस्ट्रेलियातही, आता हीच चालते. क्लासच्या जाहिराती नकोत. अर्ज करताना आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर काय झालं, तेवढं लिहा.

नाईटड्यूटी: अभ्यासापेक्षा नावानं जास्त छळलं. जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. मधलं नाव एकीकडे बाबांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. तिकडच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटणार! आधी कौन्सिलमध्ये नाव बदलून घेतलं, मगच अमेरिकेतल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे आणि परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे अर्ज केला. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर परीक्षा द्यायची तर वर १५०. परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं, म्हणजे एटीटीवरचं, नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर केंद्रावर आत घेत नाहीत आणि फीही बुडते.

नवीशिकाऊ: ताई, माझं एटीटी आलंय आणि लग्नही ठरलंय. पासपोर्ट बदलू का?

नाईटड्यूटी: लग्न कर गं, पासपोर्टला परीक्षेपर्यंत हात लावू नकोस.

आयसीयूवाली: मुंबई केंद्रावर दिली. तळहाताच्या शिरा स्कॅन करतात, फोटो काढतात, घड्याळसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. पण खरी अडचण प्रश्नांची. आपल्याकडे पेशंट बिघडला की हात आपोआप फोनकडे जातो, आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, बोलवायला. पर्यायांत 'डॉक्टरांना कळवा' दिसतंच, आणि बऱ्याचदा ते पहिलं पाऊल नसतं. रक्त चढवत असताना पेशंटला थंडी वाजून ताप आला, तर आधी रक्त चढवणं बंद करायचं, फोन नंतर. वॉर्डात आपण हे करतोच की, पण निर्णय आपला आहे असं कुणी शिकवलेलं नसतं. दुसरं म्हणजे कुणाला कुठलं काम द्यायचं. आपल्या वॉर्डातल्या मदतनीस मावशी-मामांची सवय इथे उपयोगी नाही. असिस्टंटला स्थिर पेशंटचे व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप) घ्यायचं काम देता येतं. पहिली तपासणी आणि पेशंटला शिकवणं नर्सचंच. औषधांची नावंही वेगळी: पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल.

सोलापूरकर: ८५ प्रश्नांना स्क्रीन बंद झाली, पोटात गोळा! उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड होतो, ८५ ते १५० मध्ये कुठेही थांबते. पास झालो.

दोनदादिलेली: ८५ म्हणजे पास, हे डोक्यातून काढा. माझीही पहिल्या वेळी ८५ लाच थांबली आणि मी नापास. दुसऱ्या वेळी १५० पर्यंत गेली नि पास. मध्ये किमान ४५ दिवस थांबावं लागतं, फी पुन्हा. नापास झाल्यावर जो रिपोर्ट येतो तो रागानं फेकू नका. कुठल्या विषयात पास व्हायच्या पातळीच्या वर, जवळ, खाली हे त्यात असतं. माझं औषधांचं 'खाली' होतं, मी तेवढंच घेऊन बसले.