मदत हवी आहे: दारूमुळे रंग फिके दिसणं, डोळ्याचा पडदा की नस?

माझे मोठे दीर बरीच वर्षं रोज पितात, जेवणाकडे लक्ष नाही. काही महिन्यांपासून त्यांना वाचताना नेमकं मधलंच अक्षर पुसट दिसतं, कडेची दिसतात. लाल रंग तर विटकरी वाटतो. दोन्ही डोळ्यांना सारखंच, दुखत अजिबात नाही. चष्म्याचा नंबर बदलून काडीचा फरक पडला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला, ओसीटीही (पडद्याच्या थरांचा स्कॅन) केली. पडदा ठीक आहे, पण डोळ्याच्या नसेवर परिणाम असावा म्हणाले. दारू आणि अपुरा आहार यांमुळे बी१२, फोलेट, बी१ कमी पडून असं होतं, हे कळलं. बी१२ची रक्ततपासणी सांगितली आहे. मिथेनॉलची भेसळ असलेली दारू नसेला इजा करते ते वेगळं. त्यात काही तासांत ते एक-दोन दिवसांत एकदम अंधारी येते. इथे तसं नाही.

माझा प्रश्न असा: दारूचा पडद्यावरही थेट परिणाम होतो ना? अंधारात बसूनही दारूमुळे ईओजीचा (डोळ्यातला विद्युतदाब मोजणाऱ्या तपासणीचा) आलेख उजेड पडल्यासारखा वर चढतो, असं वाचलंय. मग ईआरजी (उजेडाला पडदा देतो तो विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) किंवा व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूपर्यंत पोचणारा संदेश मोजणारी तपासणी) करून पडदा आणि नस यांतला फरक नक्की कळेल का? आणि दारू सोडून जीवनसत्त्वं सुरू केल्यावर कुणाची नजर सुधारली का, रंग आधी परतले की अक्षरं?

“एक पेग चालतो” हे सल्ले कृपया नकोत, ते घरात भरपूर मिळतात.