अद्भुतकथेत जादू नको, आधी अट दाखवा

वळचण (मूळ धागा)

गेल्या रविवारी ताईकडे ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला आणि जेवताना भांडण झालं. दाजी म्हणाले, "भुताखेताचा सिनेमा आहे, त्यात लॉजिक कसलं शोधतेस?" एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली. मला मात्र रात्रभर उत्तरं सुचत राहिली. ती इथे ओतते. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद गाळा.)

हस्तर म्हणजे त्यातला शापित, हावरा देव. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. म्हणून त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकायची आणि तो ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओढायच्या. त्याने धरलं तर मरणही येत नाही, नुसतं सडत राहायचं. एवढ्या चार नियमांवर अख्खा सिनेमा उभा आहे. शेवटी बापलेक जास्तीच्या हावेने ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर निघतात. लेखकाने नियम मोडलेला नाही, माणसांनी तो तुटेपर्यंत ताणला. म्हणून तो शेवट पोटात गोळा आणतो.

आपल्या जुन्या गोष्टी अशाच आहेत. राजा बोलला की वेताळ झाडावर परत. हिरण्यकश्यपूने वर मागताना घरात-बाहेर, दिवसा-रात्री सगळं बांधून घेतलं आणि उंबरठा व तिन्हीसांज तेवढी विसरला. आजीने सांगितलेल्या गोष्टीत पळवाट असायची, पण ती आधीपासून तिथे असायची. ऐनवेळी कुणी खिशातून काढत नसे.

आता दुसरी बाजू. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या पहिल्या सिझनमध्ये विंटरफेलहून राजधानीला पोचायला महिना लागतो. या महिन्यातच माणसं कळतात, वैरं तयार होतात. सातव्या सिझनमध्ये राज्याच्या उत्तर टोकाच्या भिंतीपलीकडे माणसं अडकतात, एक जण पळत ठाण्यावर जातो, तिथून कावळा उडतो, निरोप पोचतो, ड्रॅगन येतात, सगळं एका एपिसोडात! अंतर हीच त्या जगाची सर्वांत मोठी अट होती. ती सुटली आणि मालिका तिथेच सुटली. आधी दहा-दहा भागांचे सिझन होते, शेवटचे दोन 7 आणि 6 भागांचे. घाई दिसते.

तर माझं मत: फँटसीचं बळ तिच्या अटीत असतं, आणि अट विसरली की कितीही ड्रॅगन आणा, काही उपयोग नाही. बोला.

---

मधली_सुट्टी

जागा पकडली. शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

ताकभात

वळचणताई, लिहिलंय छान, पण साफ असहमत. हे अकाउंटंटचं मत झालं. जादूचा जमाखर्च जुळला की सिनेमा चांगला?

‘स्पिरिटेड अवे’ हा जपानी ॲनिमेशनपट घ्या, 2001 चा. पाण्यावरून एक आगगाडी जाते. आत सावल्यांसारखे प्रवासी. कोण, कुठले, कशाला चाललेत, कुणी सांगत नाही. बॉयलरवाला म्हातारा एवढंच म्हणतो की पूर्वी परतीची गाडीही असायची, आता एकाच दिशेची. त्या पाच मिनिटांत मला जे झालं ते तुमच्या चार नियमांनी होणार नाही. काही गोष्टी समजावल्या की मरतात.

आणि विश्वास बसण्याबद्दल म्हणाल तर आपल्याच फाळक्यांकडे बघा. 1919 चा ‘कालिया मर्दन’. कृष्णाच्या भूमिकेत त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच ती मुलगी म्हणून पडद्यावर येते, चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे ‘ही माझी पोरगी आहे बरं का’ हे आधी सांगून टाकलं! तरी पुढे कालियाच्या डोहात उतरतो तो कृष्णच. प्रेक्षक फसत नसतो, तो आपण होऊन मानायला तयार होतो. त्याला नियमावली लागत नाही, गोडी लागावी लागते.

---

वळचण

ताकभात, आगगाडी मान्य. पण त्याच सिनेमात छोट्या नायिकेकडून, चिहिरोकडून, करारावर सही घेतात, तिच्या नावातली अक्षरं काढून घेतात आणि खरं नाव विसरलीस तर घरी जाता येणार नाही ही टांगती तलवार ठेवतात. ती अट आहे म्हणून तुम्हाला त्या गाडीत निवांत बसता आलं. नाहीतर नुसती चित्रं बघत बसला असतात.

---

ताकभात

हे मात्र बरोबर पकडलंत. विचार करतो. (पण हरलो नाही.)

---

साडेसाती

दोघेही बायपास करताय. फँटसीचा रोग अटीत नाही, रक्तात आहे. शब्दशः.

हजारो एकर कल्पनेचं रान मोकळं असताना हे लोक तिथे जाऊन काय उभारतात? राजवाडा. मग खरा वारस, हरवलेला राजपुत्र, घराण्याची तलवार. ‘बाहुबली’त माहिष्मतीची अख्खी प्रजा पंचवीस वर्षं एका मुलाची वाट बघते, कारण तो अमक्याचा मुलगा! जनतेला स्वतःचं काही करायचं नाही का? आणि शत्रू जन्मजात वाईट. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या ‘द टू टॉवर्स’ भागातल्या लढाईत दोन नायक आपण किती ऑर्क (शत्रूचे राक्षसी सैनिक) मारले याची चढाओढ लावतात आणि थिएटर हसतं. ऑर्कला घर नाही, आई नाही, तो फक्त आकडा आहे. प्रत्यक्षातल्या कुठल्या माणसांबद्दल असा सिनेमा काढला असता तर तुम्हीच निषेधाचा धागा काढला असता.

मी फँटसी बघतो. पण झोप लागण्यासाठी बघतो हे मान्य करतो. तुम्ही तिला तत्त्वज्ञान करू नका.

---

मधली_सुट्टी

साडेसाती सर, झोप लागण्यासाठी ‘थ्रोन्स’च्या आठव्या सिझनचा तिसरा भाग सुचवतो. आमच्या टीव्हीवर दीड तास काळोख होता, फक्त. बाबा दोनदा उठून मीटर बघून आले.

---

घुंगुरकाठी

साडेसाती यांना उत्तर द्यायला वळचण यांचंच उदाहरण उचलते.

हिरण्यकश्यपू. वर, उंबरठा, तिन्हीसांज वगैरे. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त हीच गोष्ट उलटी वाचली. त्यांचा नरसिंह सोंग घेऊन कपटाने मारणारा आहे आणि हिरण्यकश्यपूच्याच वंशातला बळीराजा हा प्रजेचा राजा आहे. आजही आमच्याकडे बलिप्रतिपदेला ओवाळताना आजी म्हणते, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. ही काय झोपेची गोळी आहे? अद्भुताला अद्भुतानेच उत्तर दिलंय. राक्षस कुणी ठरवला हा प्रश्न विचारायचा तर त्याच गोष्टीत शिरून विचारावा लागतो.

सिनेमातही हे होतं. ‘पॅन्स लॅबिरिंथ’ 1944 च्या स्पेनमध्ये घडतो, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत. तिथे घराणं, गणवेश, शिस्त सगळं छोट्या नायिकेच्या सावत्र बापाकडे, कॅप्टनकडे आहे, म्हणजे तुमचा राजवाडा शत्रूच्या बाजूला. मुलीची परीक्षा आज्ञा पाळण्यात नाही, शेवटी आज्ञा मोडण्यात आहे. (वळचण, अटही आहे बघा: त्या मेजवानीतलं काही खायचं नाही. ती दोन द्राक्षं खाते आणि जीव टांगणीला.)

आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये राजा परत येतो हे खरं, पण अमर्याद सत्ता देणारी अंगठी राजाकडे देत नाहीत. ज्याला देतात तोही शेवटच्या पावलावर ती ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला नकार देतो. सत्ता कुणाच्याच हातात सुरक्षित नाही, नायकाच्याही नाही, हे इतकं स्पष्ट सांगणारे वास्तववादी सिनेमे मला तरी फार आठवत नाहीत. ऑर्कबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

साडेसाती

बळीराजाचा मुद्दा मला सुचायला हवा होता. खजील. पण मग प्रश्न वाढतो: फुल्यांनी 1873 ला जे केलं ते आपल्या पडद्यावर कधी येणार? पौराणिक मालिका रोज चालतात आणि राक्षस अजून काळाकुट्ट, गडगडाट करून हसणारा.

---

रोटोवाला

मी व्हीएफएक्समध्ये (संगणकी दृश्यांच्या कामात) आहे, कंपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका दृश्यात जोडतो. एक धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण सगळे गोष्टीबद्दलच बोलताय.

अट लेखक मोडतो तशी तारीखही मोडते. प्रदर्शनाचा दिवस आधी ठरतो, सीन नंतर बदलतो. आज सिंह होता, महिन्याने वाघ करा म्हणतात, आणि वेळ तेवढाच. मग धूळ टाका, पाऊस टाका, रात्र करा, म्हणजे जोडाच्या कडा लपतात. मधली_सुट्टी यांचा काळोख वेगळा, तो मुद्दाम रात्री शूट केलेला होता. वर स्ट्रीमिंगमध्ये अंधाऱ्या भागाचे चौकोन पडतात म्हणून घरी अजून वाईट दिसलं.

उलट ‘तुंबाड’चा पाऊस बराचसा खरा आहे, कित्येक पावसाळे थांबून घेतलेला. तो ओलेपणा आम्हाला संगणकात आणता येत नाही असं नाही, पण मग नट कुडकुडत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली पुष्कळ शहरंही प्रत्यक्ष बनवलेली भलीमोठी मॉडेल्स होती, म्हणून वीस वर्षांनी शिळी वाटत नाहीत. 2018 ला ‘तुंबाड’ला गर्दी नव्हती आणि 2024 ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला झाला, हे वाचून आमच्या खोलीत चहा मागवला होता. आम्ही त्यावर काम केलेलं नव्हतं तरी.

---

ताकभात

रोटोवाला, टाळ्या. अवांतर: अजून एक दुखणं कुणी बोललंच नाही. ओटीटीवाले मालिका अर्ध्यात टाकून देतात. ‘व्हील ऑफ टाइम’ ज्यावर बेतली ती 14 पुस्तकं, आणि 2025 मध्ये तीन सिझनवर दुकान बंद. वास्तववादी मालिका अर्धी राहिली तर बाकीचं आपण आयुष्याच्या अनुभवावरून जुळवतो. अख्खं जग नवीन असेल तर काय जुळवणार? नकाशा हातात आणि रस्ता संपला.

---

वळचण

म्हणजे शेवट करणं हीसुद्धा अटच की. पहिल्या भागात प्रेक्षकाला शब्द दिलेला असतो.

काल दाजींना हा धागा पाठवला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "सगळं वाचलं. पण मग त्याने धान्याची दोन पोती खाली का नाही ढकलली? पोट भरलं असतं बिचाऱ्या हस्तरचं."

---

मधली_सुट्टी

दाजींना सभासद करून घ्या.