मदत हवी आहे: दादाची दारू सुटली, पण शुगर आणि विसरभोळेपणाचं काय?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ, वय ५२, वीस वर्षं रोज पिणारा. मधुमेह आहे, शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. दीड महिन्यापूर्वी रात्री न जेवता प्यायला आणि पहाटे बरळायला लागला, घामाने चिंब. आम्हाला वाटलं, नेहमीचंच! वहिनीने सहज मशीन लावलं तर शुगर ४८. दारूमुळे लिव्हर नवीन साखर तयार करू शकत नाही, त्यात पोट रिकामं आणि वर ती गोळी, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्यांनी ग्लुकोजच्या आधी बी१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं.

तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. पण आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, आणि विचारलं की न घडलेलं बिनधास्त रंगवून सांगतो. खोटं बोलत नाही हो, त्याला ते खरंच वाटतं. चालतानाही तोल जातो. शिवाय गोडाची इतकी हाव सुटलीय की डब्यातला गूळ लपवावा लागतो, शुगर कधी ९० तर कधी २८०.

कुणाच्या घरी असं झालंय का? स्मरणशक्ती कितपत परत आली, किती महिन्यांनी? आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठावा की व्यसनमुक्तीवाले मानसोपचारतज्ज्ञ? आम्ही सांगलीचे, पण पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचीही तयारी आहे. मधुमेही रुग्णाला तिथे ठेवलेल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा.